मुंबई जिच्या आंदणात गेली

लोहाऱ्यासारख्या समुद्रापासून दूर वसलेल्या गावातील मुलांनाही मुंबईचे नाव परिचयाचे असते. परंतु ही मुंबई एके काळी एका राजकन्येला आंदण दिली गेली होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ती राजकन्या म्हणजे पोर्तुगालची कॅथरीन.

इ. स. १६३८ च्या नोव्हेंबर महिन्यात तिचा जन्म झाला. त्या वेळी पोर्तुगालवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. १६४० साली पोर्तुगीज सरदारांनी साठ वर्षांचे ते जोखड झुगारून दिले आणि ब्रॅगांझा घराण्यातील तिचे वडील जॉन यांस सिंहासनावर बसविले. १६५६ साली जॉन राजा निवर्तला व राणी लुईसा राज्यकारभार पाहू लागली. भूमीवर स्पेन आणि समुद्रावर डच अशा दोन प्रबळ शत्रूंच्या कचाट्यात ते लहानसे राज्य सापडले होते. कोणा बलाढ्य राजाशी सोयरीक जोडावी, हाच एक मार्ग राणीस दिसत होता.

इंग्लंडच्या गादीवर नुकताच आलेला दुसरा चार्लस हा कर्जाने गांजलेला होता. जून १६६१ मध्ये तह झाला. इंग्लंडने पोर्तुगालला सैन्याचे साहाय्य द्यावे आणि पोर्तुगालने कन्येबरोबर विपुल द्रव्य, आफ्रिकेतील टॅंजिअर बंदर व मुंबई बेट द्यावे, असे ठरले. त्या बेटावरील कोळ्यांना व भंडाऱ्यांना अर्थातच कोणी विचारले नाही. आणि खरे पाहता कॅथरीनलाही कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.

बेट ताब्यात घेण्यासाठी अब्राहम शिपमन हा सुमारे चारशे शिपाई घेऊन १६६२ मध्ये आला. परंतु इंग्रज मुंबईत स्थिरावले तर आपले राज्य धोक्यात येईल, हे ओळखून पोर्तुगीज व्हाइसरॉयने बेट देण्याचे टाळले. बिचारे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरले. तेथे रोगराईने त्यांतील बहुतेक मृत्युमुखी पडले, शिपमनही वारला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला. पुढे १६६८ साली चार्लसने हे बेट वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. जिच्या आंदणात ते आले, तिने ते कधीही पाहिले नाही.

मे १६६२ मध्ये पोर्टस्मथ येथे कॅथरीनचा विवाह झाला, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तिला इंग्रजी येत नव्हते. पतीशी ती स्पॅनिश भाषेत बोले. ती कॅथलिक, तर प्रजा प्रॉटेस्टंट. त्यामुळे तिचा राज्याभिषेकही झाला नाही. राजाने आपल्या मर्जीतील एका स्त्रीस राणीच्या परिवारात मानाचे पद देऊ केले, तेव्हा राणीने यादीतील ते नाव स्वहस्ते खोडून टाकले. राजा संतापला. त्याने तिच्या बहुतेक पोर्तुगीज सोबतिणींना मायदेशी धाडले. एकाकी पडलेल्या राणीला शेवटी नमावे लागले. मात्र दरबाराने तिचे एक व्यसन आवडीने उचलले. ते म्हणजे चहा! चहा इंग्लंडला तिच्या आधीच पोहोचला होता. तो घेण्याची चाल उच्चकुलीनांत रूढ झाली ती तिच्यामुळे.

तिला अपत्य झाले नाही. राजाने तिला सोडून दुसरी राणी करावी, असा आग्रह कित्येक दरबारी धरू लागले. तशातच १६७८ साली टायटस ओट्स नावाच्या एका लबाड मनुष्याने, राणी राजावर विषप्रयोग करणार होती, असा भयंकर आरोप केला. त्या काळी अशा आरोपाने कित्येक निरपराध जीव फासावर गेले. परंतु चार्लसने स्वतः ओट्सची उलटतपासणी घेऊन त्याचे असत्य उघडे पाडले. पती म्हणून त्याने तिला पुष्कळ दुःख दिले. पण त्या संकटात त्याने तिची साथ सोडली नाही.

१६८५ साली चार्लस मरण पावला. सात वर्षांनी कॅथरीनने इंग्लंड सोडले व १६९३ च्या प्रारंभी ती लिस्बनला पोहोचली. आणि मग वृद्धापकाळी, भाऊ पेद्रू राजा आजारी पडला असता, तिने देशाचा कारभार हाती घेतला. त्या वेळी स्पेनशी पुन्हा युद्ध चालू होते आणि त्यात पोर्तुगीज फौजांना जयही मिळाले. ज्या राज्याच्या रक्षणासाठी तिला परदेशी धाडले होते, तेच राज्य आता ती चालवीत होती. ३१ डिसेंबर १७०५ रोजी लिस्बन येथे तिचे देहावसान झाले.