स्टेशन शोधताना भेटलेला मेजर

पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या एस.टी.त ज्यांनी कानात इयरफोन घालून प्रवास केला आहे, त्यांना एक गोष्ट नक्की माहीत असेल. पुण्यात १०१ वर छान लागलेली विविध भारती गाडी पुढे गेली की दगा द्यायला लागते. आधी मध्येच गाणे, मध्येच खरखर. मग नुसतीच खरखर! मग आपण काय करतो? स्कॅनचे बटण दाबतो. आकडे भराभर पळतात, एखाद्या ठिकाणी थबकतात आणि कुठले तरी नवे स्टेशन बोलायला लागते. कोल्हापूर जवळ आले की १०२.७ वर आकाशवाणी कोल्हापूर सापडते. एफ.एम.च्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात सरळ जातात, डोंगराआड आणि क्षितिजापलीकडे फारशा पोचत नाहीत. म्हणून गाव बदलले की आकडा बदलतो, आणि प्रवाशाला तो नव्याने शोधावा लागतो.

मी ई अँड टी.सी.चा विद्यार्थी. सुपरहेटरोडाइन रिसीव्हरचा ब्लॉक डायग्राम हा आमचा परीक्षेतला हमखास प्रश्न. अँटेना, मिक्सर, लोकल ऑसिलेटर, आय.एफ. अँप्लिफायर... चौकोन काढायचे, बाण जोडायचे, झालं! पण हे चौकोन पहिल्यांदा काढणाऱ्या माणसाचे आयुष्य वाचले आणि मी दोन रात्री नीट झोपलो नाही. त्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. (चंद्रावर गेला तो नील. हा वेगळा.) आपल्या हातातल्या स्कॅनच्या बटणामागची जवळजवळ सगळी विद्या या एका माणसाची आहे.

त्याचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कचा. वडील पुस्तक प्रकाशनाच्या व्यवसायात, आई शिक्षिका. लहानपणी मोठे आजारपण आले. त्यात शाळा बुडाली आणि चेहऱ्याचे व खांद्याचे स्नायू अचानक उडण्याची खोड कायमची मागे लागली. मुलगा एकलकोंडा झाला. पुढे कुटुंब हडसन नदीकाठी यॉन्कर्सला राहायला गेले. तिथल्या घराच्या माळ्यावरची खोली त्याने तारा, बॅटऱ्या आणि कॉइल्सनी भरून टाकली. अंगणात १२५ फूट उंचीचा अँटेनाचा खांब स्वतः उभा केला. उंचीची त्याला भीती अशी कधी वाटलीच नाही.

कोलंबिया विद्यापीठात तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला. लाल रंगाच्या मोटारसायकलवरून रोज घरून ये-जा. त्या काळी ली डी फॉरेस्टची ऑडिऑन नावाची व्हॅक्यूम ट्यूब नवीन होती, पण ती आतून नेमकी कशी चालते हे कुणाला धड उमगले नव्हते. १९१२ मध्ये, म्हणजे आपण ज्या वयात सबमिशनच्या फायली पुऱ्या करत असतो त्या वयात, आर्मस्ट्राँगने त्या ट्यूबचे आउटपुट पुन्हा इनपुटला जोडून पाहिले. सिग्नल फिरून फिरून मोठा होत गेला. कानाला हेडफोन लावल्याशिवाय जे ऐकू येत नव्हते, ते खोलीभर ऐकू येऊ लागले. हेच रिजनरेशन. फीडबॅक आणखी वाढवला तर तीच ट्यूब स्वतःच लहरी निर्माण करू लागते, हेही त्याच्या लक्षात आले.

पेटंटसाठी त्याने वडिलांकडे पैसे मागितले. वडील म्हणाले, आधी डिग्री घे! (घरोघरी मातीच्याच चुली.) तेव्हा त्याने निदान सर्किटचे चित्र काढून ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीचा शिक्का मारून घेतला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पुढच्याच वर्षी, १९१४ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एका शेडमध्ये बसून त्याने हे यंत्र मार्कोनी कंपनीतल्या एका तरुणाला रात्रभर ऐकवले. दूरदूरची स्टेशने एकामागून एक सापडत गेली. त्या तरुणाचे नाव डेव्हिड सारनॉफ. दोघांची घट्ट मैत्री जमली. हा सारनॉफ पुढे आर.सी.ए. या अमेरिकेतल्या सर्वांत बलाढ्य रेडिओ कंपनीचा प्रमुख झाला.

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन म्हणून पॅरिसला गेला. (मेजर झाला तो नंतर, आणि आयुष्यभर लोक त्याला मेजरच म्हणत.) तिथे अडचण अशी होती की फार वरच्या फ्रिक्वेन्सीचा क्षीण सिग्नल त्या वेळच्या ट्यूबना मोठा करता येत नसे. त्याने १९१८ मध्ये डोके उलटे चालवले. सिग्नलच्या मागे धावायचेच नाही! आपणच जवळ एक ऑसिलेटर ठेवायचा आणि त्याच्याशी मिसळून कुठलाही सिग्नल एका ठरावीक खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणायचा. मग सगळी ताकद त्या एकाच फ्रिक्वेन्सीवर लावायची. फ्रान्समध्ये ल्युसियन लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉट्की हेही याच दिशेने विचार करत होते, पण ही पद्धत प्रत्यक्ष रेडिओत उभी केली ती आर्मस्ट्राँगने.

प्रवासात स्टेशन शोधण्याशी याचा काय संबंध? थेट संबंध आहे. एफ.एम. रेडिओत ही ठरावीक फ्रिक्वेन्सी साधारणतः १०.७ मेगाहर्ट्झ असते. १०१ वरचे स्टेशन ऐकायचे तर लोकल ऑसिलेटर १११.७ वर, १०२.७ चे ऐकायचे तर ११३.४ वर. बाकीचा रेडिओ जागचा हलत नाही. म्हणजे स्कॅनचे बटण दाबल्यावर प्रत्यक्षात फक्त ऑसिलेटर एकेक पायरी चढतो आणि प्रत्येक पायरीवर पलीकडे काही आले का, एवढे बघतो. यापूर्वीच्या अनेक रेडिओंना दोन-तीन चकत्या असत. प्रत्येक चकती वेगळी जुळवायची आणि स्टेशन सापडले की तिन्ही आकडे वहीत टिपून ठेवायचे!

१९२३ मध्ये त्याने सारनॉफची सेक्रेटरी मॅरियन मॅकिनिस हिच्याशी लग्न केले. लग्नाची भेट म्हणून काय दिले असेल? स्वतः बनवलेला, हातात धरून नेता येणारा सुपरहेटरोडाइन रेडिओ! हनिमूनला दोघे फ्लोरिडात पाम बीचला गेले, सोबत हे खोके. वाळूत बसलेले नवरा-बायको आणि मध्ये कर्ण्याचा रेडिओ, असा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. परगावी गेल्यावर रेडिओ उघडून काय लागतंय ते बघणारे हे बहुधा पहिल्या काही जोडप्यांपैकी असावे.

तोवर पेटंट विकून तो श्रीमंत झाला होता. आर.सी.ए.चे शेअर्स इतके, की वैयक्तिक भागधारकांत त्याचा पहिला नंबर. माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. पण त्याला खरखर सलत होती. वीज चमकली, मोटार सुरू झाली की ए.एम. रेडिओ खरखरतो, कारण हा गोंगाट लहरीच्या उंचीवर स्वार होतो. मग माहिती उंचीवर न ठेवता फ्रिक्वेन्सीवरच ठेवली तर? गणितज्ञ जॉन कार्सनने १९२२ मध्येच सिद्ध केले होते की अरुंद पट्ट्यात एफ.एम. वापरून काही फायदा नाही. (तोच कार्सन, ज्याचा रूल आपण पाठ करतो.) गणित बरोबर होते. आर्मस्ट्राँगने पट्टाच रुंद करून टाकला! २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला एफ.एम.ची पेटंट्स मिळाली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअर मंडळींपुढे त्याने प्रात्यक्षिक केले. यॉन्कर्सहून पाणी ओतल्याचा, कागद फाडल्याचा आवाज आला आणि तो पाण्याचा आणि कागदाचाच वाटला.

एफ.एम.चा आणखी एक गुण प्रवाशाच्या कामाचा. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशने आली तर रेडिओ जास्त जोराचे एकच पकडतो, दुसरे जवळजवळ दाबून टाकतो. म्हणून दूरदूरच्या शहरांना तोच आकडा पुन्हा देता येतो. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी डॅनियल नोबल या प्राध्यापकाच्या मदतीने गाड्यांत दुतर्फा एफ.एम. वायरलेस बसवला. इंजिनाची खरखर गेली. पुढे अग्निशामक दल, टॅक्सी, वॉकी-टॉकी सगळे एफ.एम.वर आले. अमेरिकेत स्कॅनर घेऊन फिरणारे हौशी लोक नव्या शहरात शिरताना तिथल्या फ्रिक्वेन्सींची यादी आधीच काढून ठेवतात ती याच संदेशांसाठी. आता बऱ्याच ठिकाणी पोलिसांनी संदेश सांकेतिक केल्यामुळे ते ऐकून समजत नाहीत. पण हवामान खात्याची सरकारी एफ.एम. प्रसारणे तिथे देशभर १६२.४०० ते १६२.५५० या दरम्यानच्या फक्त ७ फ्रिक्वेन्सींवर असतात. कुठल्याही गावात ७ आकडे तपासले की वादळाची बातमी कळते. (आपल्याकडे पोलिसांचे संदेश ऐकण्याच्या फंदात कुणी पडू नये. एफ.एम. आणि हौशी रेडिओ आपल्याला पुष्कळ आहे.)

आता दुःखाची बाजू. रिजनरेशनच्या पेटंटवरून डी फॉरेस्टशी वर्षानुवर्षे खटला चालला. १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टाने आर्मस्ट्राँगच्या विरुद्ध निकाल दिला. इंजिनिअर्सच्या संस्थेने पूर्वी दिलेले पदक त्याने परत करायला काढले. संस्थेने ते घेतले नाही, उलट सन्मान पुन्हा जाहीर केला. लॅबोरेटरीतल्या लोकांना खरे काय ते ठाऊक होते, पण कोर्टात त्याचा उपयोग नव्हता.

मग सारनॉफ. त्याला खरखर घालवणारे यंत्र हवे होते, पण आर्मस्ट्राँगने आणली ती अख्खी नवी पद्धत. ए.एम.चा जमलेला धंदा आणि येऊ घातलेले टेलिव्हिजन यांच्यामध्ये ती त्याला अडचणीची वाटली. आर.सी.ए.ने १९३५ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगवरची त्याची उपकरणे काढायला लावली. आर्मस्ट्राँगने स्वतःच्या पैशांनी न्यू जर्सीत अल्पाइनला ४०० फुटांहून उंच टॉवर बांधला. १ जानेवारी १९४१ पासून अमेरिकेत ४२ ते ५० मेगाहर्ट्झवर व्यापारी एफ.एम. सुरू झाले. लोकांनी लाखो रेडिओ घेतले. १९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफ.एम.चा पट्टा ८८ च्या वर हलवला. आज आपण ज्या ८८ ते १०८ मध्ये स्टेशन शोधतो तो पट्टा असा आला. पण त्यामुळे घराघरांतले जुने एफ.एम. रेडिओ हळूहळू मुके झाले. स्कॅन करून शोधायला तिथे काही उरलेच नाही.

युद्धकाळात त्याने आपली एफ.एम. पेटंट्स सैन्याला फुकट वापरू दिली होती. आर.सी.ए.ने मात्र १९४० मध्ये रॉयल्टी न देता एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले होते. इतर कंपन्या रॉयल्टी देतात, मग तुम्ही का नाही, म्हणून त्याने नकार दिला. १९४८ मध्ये त्याने दावा लावला. समोरच्या वकिलांनी वर्षभर त्याचीच उलटतपासणी केली. पेटंटची मुदत संपत आली, पैसा संपत आला. १९५३ च्या नोव्हेंबरात वैतागाच्या भरात त्याने मॅरियनवर हात उगारला आणि ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, नोटरीच्या त्या शिक्क्याला बरोबर ४१ वर्षे झाली त्या दिवशी, एकट्या घरात त्याने आपले आयुष्य संपवले. मागे मॅरियनसाठी माफीची चिठ्ठी होती.

मॅरियनने दावे सोडले नाहीत. त्याच वर्षाच्या शेवटी आर.सी.ए.शी साधारण १० लाख डॉलरवर तडजोड झाली, म्हणजे १९४० साली जेवढे देऊ केले होते जवळजवळ तेवढीच रक्कम. बाकीच्या कंपन्यांविरुद्ध ती एकेक खटला लढत राहिली आणि १९६७ मध्ये शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, जिंकली. आपल्या देशात पहिले एफ.एम. प्रसारण १९७७ मध्ये मद्रासहून झाले. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमधले जुळे मनोरे पडले आणि त्यांच्यावरचे अँटेना गेले, तेव्हा काही टी.व्ही. स्टेशनांना आसरा दिला तो अल्पाइनच्या त्याच टॉवरने.

हे सगळे वाचल्यावर मी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, प्रोजेक्टची वही तारीख घालून लिहायची आणि सरांची सही त्याच दिवशी घ्यायची. वडिलांनी पैसे दिले नाहीत तरी शिक्का मारून घेणारा तो मुलगा मला फार शहाणा वाटतो. दुसरी गोष्ट हॉस्टेलची आहे. आर्मस्ट्राँग बरोबर होता, यात मला शंका नाही. पण बरोबर असलेला माणूससुद्धा एका खोलीत एकटा पडला की हरू शकतो. खटला तर त्याच्या मागे त्याच्या बायकोने जिंकला. तो जगला असता तर तो निकाल त्यानेही ऐकला असता. आपल्या विंगमध्ये कुणाचा बॅकलॉग राहतो, कुणाची आयडिया दुसऱ्याच्या नावावर जाते, कुणाचे घरी वाजते. तो मुलगा मेसला यायचा बंद झाला, तर त्याच्या दारावर थाप मारा. उघडेपर्यंत मारा.