काळ्या दगडातले शंख : स्टीफन हिस्लॉप



ज्वालामुखीचा पाठ सुरू झाला की मुलं हमखास विचारतात, आपल्या अमरावती-अकोल्याकडे ज्वालामुखी आहे का? आपण नाही म्हणून मोकळे होतो. पण आपली कपाशी ज्या काळ्या जमिनीत पिकते, ती ज्वालामुखीचीच देणगी आहे. हे सांगायला स्टीफन हिस्लॉप यांची गोष्ट फार उपयोगी पडते.

हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स गावी झाला. 1845 मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले. पुढच्याच वर्षी त्यांनी तिथं शाळा काढली. शिकवता शिकवता त्यांना दगडांचा नाद लागला. सुट्टी मिळाली की ते नाले, टेकड्या, खाणी पालथ्या घालायचे.

नागपूरजवळ टाकळी इथं काळ्या दगडाच्या थरांमध्ये त्यांना वेगळाच थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष होते! लाव्हाच्या दगडात शंख कुठून आले? त्यांनी ते जपून गोळा केले आणि 1860 मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला.

पुढच्या भूशास्त्रज्ञांनी याचा उलगडा केला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. खोलवरचा शिलारस त्यातून वर आला आणि पाण्यासारखा दूरवर पसरला. म्हणून इथं जपानच्या फुजीसारखा शंकूच्या आकाराचा डोंगर तयार झाला नाही. एक थर थंड झाला की मध्ये बराच काळ शांतता असायची. खोलगट जागी तळी साचायची, झाडं उगवायची, गोगलगायी यायच्या. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि सगळं गाडून टाकायचा. असे थरावर थर साचून आपला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट तयार झाला. चिखलदऱ्याच्या वाटेवर हेच थर पायऱ्यांसारखे दिसतात. हा दगड हजारो वर्षं झिजला आणि ओल धरून ठेवणारी आपली काळी माती झाली.

4 सप्टेंबर 1863 रोजी हिस्लॉप टाकळघाट इथं जुनी दगडी वर्तुळं पाहायला गेले होते. परतताना अंधारात, घोड्यावरून एकटेच पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडाले. सेहेचाळीस वर्षं पूर्ण व्हायला फक्त चार दिवस बाकी होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावानं आहे.

त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना मोठी साधनं. होती ती बारीक नजर आणि नोंद ठेवायची सवय. ती आपल्या मुलांनाही लावता येते.

उपक्रम : मुलांना गावातल्या विहिरीजवळ किंवा खदानीजवळ मोठ्यांसोबतच न्या. सुरक्षित अंतरावरून दगडाचे थर दाखवा, मोजायला लावा आणि वहीत चित्र काढू द्या. भिंगातून दगडातली बारीक भोकंही दाखवा. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे तिथंच अडकले होते. मग आपल्याकडे ज्वालामुखी होता का, हे तुमची मुलंच तुम्हाला सांगतील.