पाणबुड्यांचे हाल्डेन

डॉ. जॉन स्कॉट हाल्डेन यांचा जन्म १८६० साली एडिंबरोला झाला. त्या काळी खोल पाण्यातून झटकन वर येणारे पाणबुडे लुळे पडत, कित्येक मरत. दाबाखाली रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे सोडावॉटरसारखे बुडबुडे होत. हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. (आमच्या घरी शेळ्याच, म्हणून वाचताना जीव हळहळला.) दाब निम्मा होईपर्यंत वर यावे, थांबावे, मग पुढे, अशी कोष्टके त्यांनी १९०८ साली दिली. स्वतःच्या तेरा वर्षांच्या मुलालाही त्यांनी समुद्रात उतरवले. हे मात्र पटत नाही. तेच जे. बी. एस. पुढे भारतीय नागरिक झाले, १९६४ साली भुवनेश्वरला वारले. वडील १९३६ सालीच गेले होते. आज नवख्या पाणबुड्याची मर्यादा १८ मीटर, अनुभवी हौशीची ४०. तारकर्लीला शिकणारेही वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटे थांबतात.