संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर

आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे ३१ मार्च १८४३ रोजी बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. पुण्यास शिकावयास गेले ते नाटकाच्या नादी लागले. पुढे बेळगावात त्यांनी प्रथम शिक्षकाची व नंतर सरकारी कचेरीतील नोकरी पत्करली. परंतु नाद सुटला नाही, हे आम्हांस इष्टच वाटते!

त्या काळी नाटकातील पदे बहुधा सूत्रधारच म्हणे. अण्णासाहेबांनी ती पात्रांच्याच मुखी घातली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, तेव्हा मोरोबा वाघोलीकर दुष्यंत व शंकरराव मुजुमदार शकुंतला झाले होते. याच मुजुमदारांनी पुढे अण्णासाहेबांचे चरित्र लिहिले. ज्याने त्यांच्या हाताखाली तोंडास रंग लावला, त्यानेच लेखणी धरावी, ही गोष्ट आम्ही मोलाची मानतो. बेळगावातील त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल हेही तालमींत साह्यास असत.

१८८२ साली ‘सौभद्र’ आले व भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेने प्रेक्षकांस वेड लावले. ‘रामराज्यवियोगा’चे मात्र तीनच अंक लिहून झाले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, गुर्लहोसूर येथेच त्यांनी देह ठेवला. मंडळी पुढे सोबत्यांनी चालविली. ते नाटक अपुरेच राहिले.