पोलिओआधी फ्लूची लस : डॉ. जोनास साल्क यांची कमी माहीत असलेली गोष्ट
पोलिओ लसीमुळे जगभर ओळखले जाणारे डॉ. जोनास साल्क आधी फ्लूशी लढले होते. त्यांचा जन्म १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. १९१८ च्या फ्लूने लष्करी छावण्यांत घातलेला हाहाकार अमेरिका विसरली नव्हती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी लस हवी होती. १९४२ पासून साल्क मिशिगन विद्यापीठात डॉ. थॉमस फ्रान्सिस यांच्यासोबत त्या कामात होते. कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेला विषाणू फॉर्मलिनने मारून ही लस बनली. १९४५ मध्ये ती सामान्य नागरिकांसाठीही मंजूर झाली. पण १९४७ मध्ये विषाणूने रूप बदलले आणि लस निष्प्रभ ठरली. आजही फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, त्यामागचे मोठे कारण हेच. मृत विषाणूची तीच पद्धत वापरून साल्क यांनी पोलिओची लस तयार केली. १९५५ मध्ये ती यशस्वी ठरली. १९९५ मध्ये साल्क यांचे निधन झाले.