महाराणी ताराबाई : शपथ आणि वारसा

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजारामांचे निधन झाले, तेव्हा सेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या महाराणी ताराबाई अवघ्या पंचविशीत होत्या. चार वर्षांच्या शिवाजीस गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला. पुढील झुंजीची झळ वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यास विशेष लागली. फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड वाटाघाटींनी मोगलांकडे गेला. मार्चमध्ये तोरणा त्यांनी लढून घेतला. औरंगजेबाच्या या मोहिमेत बहुतेक गड पैशाने मिळाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तोरण्याचे वेगळेपण कळते. पुढे शंकराजी नारायण सचिव यांनी राजगड परत जिंकला.

या शंकराजींचा अंत हा ताराबाईंच्या चरित्रातील सर्वांत करुण भाग होय. त्यांनी महाराणींशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, खेडच्या लढाईत ताराबाईंचा पक्ष हरला आणि धनाजी जाधव शाहूंस मिळाले. शपथ मोडावी, की शिवछत्रपतींच्या नातवावर शस्त्र धरावे? शंकराजींनी भोरजवळच्या आंबवडे येथे आत्मविसर्जन केले. शाहूंनी त्यांच्या बालपुत्रास, नारो शंकर यास, सचिवपद दिले. भोरचे घराणे सातारच्या गादीशी बांधले गेले. ताराबाईंच्या सत्तेचा ऱ्हास रणांगणापेक्षा येथेच अधिक जाणवतो.

१७१० मध्ये त्यांनी कोल्हापूरची स्वतंत्र गादी उभी केली. १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या पक्षाने तीही हिरावली. पुत्र शिवाजी कैदेतच वारला.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले. आपला लपवून वाढविलेला नातू म्हणून ताराबाईंनी पुढे आणलेले रामराजे गादीवर आले. ते पेशव्यांच्या तंत्राने चालू लागताच नोव्हेंबर १७५० मध्ये वृद्ध आजीने त्यांस साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर शपथ घेऊन नाते नाकारले. दोन्ही विधाने खरी असू शकत नाहीत. ज्या बाईंसाठी शंकराजींनी शपथेपायी प्राण दिला, त्यांनीच शपथ राजकारणाचे साधन केली, असे म्हणणे कठोर वाटेल. पण ते टाळता येत नाही. मात्र छत्रपतींचे पद नामधारी होत असल्याचे त्यांनी अचूक ओळखले होते, हेही नोंदविले पाहिजे.

पानिपतच्या वर्षीच, डिसेंबर १७६१ मध्ये, ताराबाई साताऱ्यास वारल्या. १७७७ मध्ये रामराजेही औरस पुत्राविना गेले आणि सातारच्या गादीवर वावीच्या भोसल्यांचा दत्तक आला.