लक्ष्मणराव किर्लोस्कर : सायकलच्या दुकानातून घडलेला कारखानदार

मराठी माणसाला कारखानदारी जमत नाही, असे विधान कोणी केले की उत्तरादाखल पहिले नाव घेतले जाते ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे. लोखंडी नांगर, पंप, डिझेल इंजिने आणि माळरानावर वसवलेली किर्लोस्करवाडी यांमुळे हे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचले. या उद्योगाचा उगम मात्र बेळगावातील सायकल विक्री व दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात आहे. १८८८ मध्ये सुरू झालेल्या त्या दुकानाचे नाव होते ‘किर्लोस्कर ब्रदर्स’.

रंग हुकले, रेषा साधली

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात शास्त्राध्ययनाचे वातावरण, तर मुलाचे चित्त चित्रकलेत आणि यंत्रांत रमलेले. थोरले बंधू रामुअण्णा यांनी त्याची बाजू घेतली आणि त्यांच्या आधाराने लक्ष्मणराव मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. तेथे शिकत असतानाच आपल्याला काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकार होण्याचा मार्ग खुंटला. मात्र यांत्रिक आरेखनाला रंग लागत नाहीत, अचूक रेषा लागते. ती विद्या त्यांनी आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक म्हणून ते रुजू झाले. संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे हाताळण्याची संधी त्यांना मिळाली.

दोन भावांचे दुकान

त्या काळात सायकल हे युरोपातही नवलाईचेच वाहन होते. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले अशा धोकादायक सायकलीची जागा समान चाकांच्या, साखळीवर चालणाऱ्या सायकलीने नुकतीच घ्यायला सुरुवात केली होती. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी अशी सायकल १८८५ मध्ये बाजारात आणली. हवेने फुगवलेल्या धावेचे पेटंट जॉन डनलॉप यांनी घेतले ते १८८८ मध्ये, म्हणजे बेळगावचे दुकान उघडले त्याच वर्षी.

मुंबईच्या रस्त्यावर सायकलस्वार पाहून लक्ष्मणरावांचे कुतूहल जागे झाले आणि त्यातून धंद्याची कल्पना निघाली. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, अशी वाटणी ठरली. सायकल विकून काम संपत नसे. ज्याने आयुष्यात ती पाहिलेलीच नाही, त्याला त्यावर बसायलाही शिकवावे लागे. रामुअण्णा फी घेऊन हे शिक्षण देत. नवी वस्तू खपवायची तर तिच्याबद्दलची भीती आधी घालवावी लागते, हा धडा किर्लोस्करांनी येथे गिरवला.

दुसरा धडा दुरुस्तीचा होता. सायकलीत झाकलेले असे फारसे काही नसते. सांगाड्याच्या नळ्या, पुढचा चिमटा, आरे, साखळी, छर्रे सारेच उघड्यावर. चाकाला आलेला आऊट काढायचा तर एक आरा आवळताना समोरचा किती सैल करायचा, हे हाताला कळावे लागते. नळीचा सांधा तडकला तर तो पितळाने जोडून, घासून पुन्हा रंगवावा लागतो. त्या काळी सुटा भाग हवा असेल तर तो विलायतेहून येण्याची वाट पाहायची किंवा आपणच घडवायचा, असे दोनच पर्याय होते. सायकल खोलणाऱ्याला दुसऱ्याने केलेले यंत्र आतून वाचता येते आणि वाचता आले की घडवण्याचे धाडस होते. किर्लोस्करांचा पुढचा प्रवास याच वाटेने झाला.

नोकरीला रामराम

मुंबईतील नोकरीत पदोन्नतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. हा अन्याय गिळून नोकरीत राहणे त्यांना मानवले नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. पांढरपेशा कुटुंबातील तरुणाने मुंबईची शिक्षकी सोडून तेल आणि काजळी लागलेल्या हातांचा धंदा पत्करणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

सायकलींपाठोपाठ कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर विकायलाच दोन वर्षे लागली. येथेही तोच उपाय होता : आधी वापरून दाखवायचे, मग विकायचे.

माळरानावरची वसाहत

नांगराचा जम बसू लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ. १० मार्च १९१० रोजी तेथे काम सुरू झाले. आज सांगली जिल्ह्यात असलेली हीच किर्लोस्करवाडी. या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांवर विश्वास टाकून लक्ष्मणरावांनी त्यांना रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे बंद झाले आणि देशी नांगराला मागणी वाढली. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ मर्यादित कंपनी झाली. १९२६ मध्ये पंप तयार झाला. विहिरीचे पाणी उपसण्याचे काम मोटेकडून पंपाकडे गेले आणि कोरडवाहू जमिनीचे रूप पालटू लागले. दिंडोरी, निफाडसारख्या नाशिक जिल्ह्यातील तालुक्यांत पुढे फुललेले द्राक्षमळे पंपाशिवाय उभे राहिले नसते.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. बेळगावातील किर्लोस्कर रोड आजही त्या दुकानाची आठवण सांगतो. पदवी हाती पडली की हत्यार खाली ठेवायचे, अशी रीत असलेल्या समाजात एका शिक्षकाने पाना उचलला. त्या पान्याने आधी सायकल दुरुस्त झाली आणि मग कारखाना उभा राहिला.